रकान्याबाहेरचा

"तो सोडा, तो काही खरा नाही." जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत, नाथसागराच्या, म्हणजे पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर, आमच्यातला एक जण असं म्हणाला आणि पुढच्या थव्याकडे वळला. त्याच्या घाईला कारण होतं. उन्हं चढायच्या आत होईल तितकं पाणी नजरेखालून घालायचं असतं, कारण एकदा ऊन तापलं की गाळावरची हवा थरथरायला लागते आणि दूरचा प्रत्येक पक्षी वितळल्यासारखा दिसतो. अशा वेळी एकाच पक्ष्यापाशी अडून राहणं परवडत नाही. पण मी अडले. पाण्यात घुसलेल्या गाळाच्या जिभेवर पट्टकादंब हंसांचा मोठा थवा विसावला होता आणि त्यांच्या मधोमध हा एक उभा होता. डोक्यावर जिथे दोन काळे आडवे पट्टे असायला हवेत तिथे नुसता मळकट तपकिरी फराटा. मान जाड. चोच थोराड. अंगाचा राखाडी रंग शेजाऱ्यांच्या फिक्या, चंदेरी राखाडीपेक्षा एक छटा गढूळ. स्कोपमधून, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून, डोळा काढवेना. आणि ते वाक्य डोक्यात राहिलं. समोर उभा असलेला, श्वास घेणारा, अधूनमधून पंख झटकणारा पक्षी खरा नाही म्हणजे काय?

हिवाळ्यात पैठणच्या वरच्या अंगाला कधी पहाटे गेला असाल तर पट्टकादंब आधी ऐकू येतात हे तुम्हाला माहीत असेल. धुकं पाण्याला टेकलेलं असतं, पलीकडचा काठ दिसत नसतो, आणि त्या पांढुरक्या पोकळीतून एक नाकातला, खर्जातला, ओढून काढलेला आवाज येतो. त्याला दुसरा उत्तर देतो, मग सगळेच बोलायला लागतात. रात्रभर शेतांत चरून ते उजाडताना पाण्याकडे परततात. पायाखाली गाळ, त्याला शेवाळाचा आणि मेलेल्या शिंपल्यांचा वास. मागच्या बाजूला हरभऱ्याची शेतं. त्यातून चालत आलं की सलवारीला आंब लागते आणि बोट चुकून ओठाला लागलं तर जीभ आंबट होते. दूर कुठेतरी मोटार सुरू असते. चक्रवाकांच्या जोड्या कण्हल्यासारख्या ओरडत असतात, काळेभोर वारकरी पाण्यात कपाळावरचा पांढरा टिळा मिरवत फिरत असतात. हळदीकुंकू बदकं, तलवार बदकं, थापट्ये, सगळी आपापल्या पाण्यात. यातलं काहीही नवं नसतं आणि तरी दर वर्षी मी तिथे जाते.

त्या हंसाची ओळख पटवायची म्हणून मी पहिलं काम केलं ते त्याच्याकडे बघणं थांबवण्याचं. हे मला माझ्या पहिल्या गुरूंनी शिकवलं होतं. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी आम्हा मुलांना तळ्यावर न्यायचे. वेगळा दिसला की वेगळ्याकडे बघत बसू नका, ते म्हणायचे, आधी त्याच्या शेजाऱ्याकडे बघा. म्हणून मी स्कोप डावीकडे सरकवला आणि एका टोकापासून थवा बघत आले. आणि मला कबूल केलं पाहिजे, इतकी वर्षं 'पट्टकादंब' म्हणून ज्यांची बेरीज मांडत आले त्यांना मी त्या सकाळी खरं पाहिलं. एकाचा मागचा पट्टा मधे तुटलेला होता. एकीचे पट्टे इतके रुंद की दोन्हींच्या मधली पांढरी जागा जेमतेम उरलेली. मानेच्या बाजूने उतरणारी पांढरी रेघ कुणाची सरळ, कुणाची वाकडी. गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लंही त्यांच्यात होती. त्यांचं डोकं अजून पुरतं पट्ट्यांचं झालेलं नव्हतं. माथा आणि मानेची मागची बाजू सलग काळपट, चेहरा फिका. त्यातल्या काहींच्या माथ्यावर कुठे कुठे काळं उमटायला लागलं होतं.

मग साहजिकच पहिली शंका आली ती हीच. हाही पिल्लूच असेल. पण पिल्लाची चोच बारीक असते, मान सडपातळ, आणि अंगाने ते आईबापांपेक्षा मोठं नक्कीच नसतं. हा सगळ्यांपेक्षा थोराड होता. दुसरी शक्यता रंग फिका पडल्याची. काही पक्ष्यांत जन्मतःच रंगद्रव्य पिसांपर्यंत नीट पोचत नाही आणि पट्टे धूसर होतात. पण त्यात चोचीचा आकार बदलत नाही, आणि इथे आकारच वेगळा होता. मग उरला कलहंस, म्हणजे उत्तरेकडच्या पाणथळींवर हिवाळ्यात मोठ्या संख्येने येणारा आणि आपल्याकडे क्वचितच दिसणारा तो करडा हंस. थव्यात एखादा कलहंस निघाला तर गणनेच्या दिवशी आनंदच होतो. पण कलहंसाचं डोकं सरसकट करडं-तपकिरी असतं आणि याच्या गालावर, चोचीच्या मुळाशी आणि गळ्यावर पांढरं होतं. स्वच्छ पांढरं नव्हे, पुसट, कडा विरलेलं.

मग मी चोचीच्या टोकाकडे आले. ज्यांना हंस ओळखायची आवड आहे त्यांच्याशी मला खास हे बोलायचं आहे, कारण आपण रंग बघतो, पिसं बघतो आणि चोचीच्या टोकावरचं ते नख बघायचं राहूनच जातं. पट्टकादंबाची चोच पिवळसर नारिंगी आणि नख काळं. कलहंसाचं नख फिकं, पांढुरकं. याचं नख दोन्हींच्या मधलं होतं, धुरकट, कडेला काळं आणि मधे शिंगाच्या रंगाचं. पट्टकादंबाचे पाय नारिंगी-पिवळे, कलहंसाचे गुलाबी. याने दुमडलेला पाय खाली टेकवला तेव्हा तो नारिंगीकडे झुकलेला गुलाबी दिसला. मानेवर बाजूने खोल उभ्या चुण्या होत्या, आणि त्या कलहंसाच्या मानेवर असतात तितक्या ठळक होत्या. एकेक खूण जुळत गेली, आणि प्रत्येक खूण दोन्हींकडे बोट दाखवत होती.

संकर. एक बाजू पट्टकादंबाची, दुसरी कलहंसाची.

पण एवढ्याने भागत नाही, कारण कलहंस दोन प्रकारचा असतो. एक रानातला आणि एक अंगणातला. युरोपात माणसाने जे हंस पाळले ते कलहंसातूनच आले. चिनी पाळीव हंस, ज्यांच्या चोचीच्या मुळाशी टेंगूळ असतं, ते वेगळ्या रानटी हंसाचे वंशज. आपल्याकडे फार्महाऊसवर राखणीला म्हणून जे 'राजहंस' पाळतात ते या दोन घराण्यांतलेच. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला एका वाड्यात असे दोघे होते. शाळेत जाताना त्या दारावरून जायचं म्हणजे छातीत धडधडायचं. मान जमिनीलगत ताणून, फुत्कारत, पंख पसरून ते धावून यायचे. त्यांचं अंग मला अजून आठवतं. मागची बाजू इतकी जड की पोट जमिनीला टेकायला आलेलं, चाल डुलत, आणि उडणं म्हणजे चार पावलं फडफडून पुन्हा खाली. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांना वजनासाठी निवडलं, त्याचा तो परिणाम. म्हणून जंगली थव्यात असा कुणी दिसला की पहिला संशय अंगणातून निसटलेल्यावर जातो. 'खरा नाही' म्हणणाऱ्याच्या मनातही तेच असणार.

त्याचा निकाल एका दलदली भोवत्याने, पाणथळीवरच्या शिकारी पक्ष्याने, लावला. तो काठाच्या पाणगवतावरून खाली झुकत आला आणि थवा उठला. खरं तर भोवत्याला पूर्ण वाढीचा हंस झेपत नाही, पण एक उठला की सगळे उठतात. पंखांचा तो आवाज आधी अंगावर आला, मग कानांवर. मी स्कोप सोडून दुर्बीण उचलली आणि त्याला शोधलं. तो त्यांच्या मधोमध होता. मागे पडलेला नव्हता, धापा टाकत नव्हता. त्याच्या पंखांची लय शेजाऱ्यांच्या लयीला धरून होती. थवा वळला तसा तोही वळला, रांग लांबत गेली तशी त्याने त्यात आपली जागा घेतली. पोट सपाट, शेपटीखालचा भाग रेखीव. अंगणातल्या हंसाचं हे शरीर नव्हे. आणि खाली उतरल्यावर चोच नीट उजेडात आली तेव्हा तिच्यात गुलाबी झाक दिसली. पूर्वेकडच्या, मध्य आशियातल्या कलहंसांची चोच गुलाबी असते. युरोपातल्यांची आणि पाळीव हंसांची बहुधा नारिंगी. एका खुणेवर मी शपथ घेणार नाही. पण बांधा, उड्डाण आणि ही झाक एकत्र धरली तर माझं मत असं झालं की याचे आईबाप दोघेही रानातले.

मग तो जन्मला कुठे, हा विचार मला तिथून घरापर्यंत आणि नंतरही पुरला. पट्टकादंब लडाखच्या त्सो कर आणि त्सो मोरीरीच्या काठी घरटी करतात, तिबेटच्या पठारावर करतात, मंगोलियाच्या सरोवरांवर करतात. मंगोलियात कलहंसही वीण घालतो. मंगोलियात मानेत हिरवी पट्टी अडकवून सोडलेले पट्टकादंब कर्नाटकात गदगजवळच्या मागडी तलावावर दिसलेले आहेत, तेव्हा तिथून दख्खनपर्यंतची वाट ही नुसती कल्पना नाही. आणि हंसांमध्ये एक गोष्ट वारंवार घडते: एखादी मादी दुसरीच्या घरट्यात अंडं टाकून जाते. कधी ती मादी दुसऱ्याच जातीची असते. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू डोळ्यांसमोर पहिली हलणारी जी आई दिसेल तिच्या मागे लागतं. कोनराड लॉरेन्झ यांनी कलहंसाच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं. ती पिल्लं त्यांनाच आई समजून त्यांच्या मागे चालायची. १९७३चं नोबेल पारितोषिक प्राण्यांच्या वर्तनाच्या अशाच अभ्यासासाठी त्यांना इतर दोघांसोबत मिळालं. कलहंसाच्या अंड्यातून आलेला नर जर पट्टकादंबांच्या घरट्यात वाढला, तर मोठेपणी तो जोडीदारही त्यांच्यातलाच शोधतो. असा एखादा बाप, पट्टकादंब आई, आणि हा त्यांचा मुलगा. किंवा उलट. कुठलीशी थंडगार, उघडी सरोवराची कड, मेच्या शेवटी वितळणारा बर्फ, आणि दोन जातींची घरटी हाकेच्या अंतरावर.

हंसांना दक्षिणेची वाट जन्मतः पाठ नसते, ती सोबत उडून शिकावी लागते. १९९३मध्ये बिल लिशमन यांनी हाताने वाढवलेल्या कॅनडा हंसांना आपल्या हलक्या विमानामागे उडवत ओंटारिओहून व्हर्जिनियापर्यंत नेलं. पुढच्या वसंतात त्यातले बहुतेक आपले आपण परत आले. एकदा दाखवलेली वाट त्यांना पुरली. याचा अर्थ मला त्या सकाळी गाळात उभं असताना नीट उमगला. माझ्यासमोरच्या त्या थोराड हंसाला हिमालय कुणीतरी दाखवला होता. पहिल्या शरदात तो आईबापांच्या मागे निघाला असणार. पाठीवर यंत्रं लावून केलेल्या अभ्यासांतून कळलंय की पट्टकादंब सहसा सहा हजार मीटरच्या खालूनच जातात, डोंगराच्या उतारांना धरून, चढत आणि पुन्हा उतरत, कारण उंचावर टिकून राहण्यापेक्षा ते कमी शक्तीत होतं. एकाची नोंद मात्र ७,२९० मीटरची आहे. बऱ्याचदा ते रात्री किंवा पहाटे ओलांडतात, हवा गार आणि दाट असते तेव्हा. त्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये एक बारीकसा बदल आहे, त्यामुळे विरळ हवेतला प्राणवायू त्यांच्या रक्ताला जास्त घट्ट धरता येतो. कलहंसात तो बदल नाही. या पक्ष्याच्या रक्तात दोन्हींकडचं असणार. त्या दोन्हींकडच्या रक्तावर तो पर्वत ओलांडून आला, आणि गोदावरीच्या पाण्यावर उतरला. कलहंस इतक्या दक्षिणेला सहसा येत नाहीत, म्हणजे इथवरची वाट त्याला पट्टकादंबांनीच दिली.

आम्ही काठावर बसून डबे उघडले तेव्हा हरभऱ्यातून एक मावशी आल्या. गाळपेर त्यांचीच. पाणी उतरलं की उघडी पडणारी जमीन, तिच्यात हरभरा, गहू टाकायचा आणि पुन्हा पाणी चढायच्या आत काढायचा. मी त्यांना स्कोपमधून तो हंस दाखवला. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "दिसा पाण्यात बसतेत अन् रातच्याला आमच्यात उतरतेत," त्या म्हणाल्या. मी विचारलं, हा वेगळा वाटतो का? "असंल. पर त्यो एकटा थोडाच खातोय? समदेच खातेत." आणि मग माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघून, "पाखरं मोजता बाई, तर खाल्लेला हरभरा बी मोजा की." त्यांच्या बांधावर बुजगावण्याला अडकवलेल्या कॅसेटच्या फिती वाऱ्यावर सूं सूं करत होत्या. मला उत्तर सुचलं नाही. हंसांवर माझं प्रेम आहे, आणि त्या हरभऱ्यावर त्यांचं घर चालतं. ह्या दोन्ही गोष्टी मी त्या दिवसापासून सोबतच बाळगते आहे.

माझं आजोळही याच पाण्याखाली आहे. १९६५मध्ये धरणाची पायाभरणी झाली, १९७६मध्ये लोकार्पण, आणि त्यात शंभरावर गावं उठली. आजी नव्या गावात चाळीस वर्षं राहिली, पण तिच्या मागे लोक तिला 'धरणातली' म्हणायचे ते शेवटपर्यंत. ती मात्र उन्हाळ्यात पाणी उतरलं की मामाला घेऊन काठावर यायची आणि उघड्या पडलेल्या जोत्यांकडे हात करून सांगायची, तिथे मारुतीचं देऊळ, तिथे आपला गोठा. १९८६मध्ये हे अभयारण्य झालं. हे हंस ज्या गाळावर विसावतात तो कुणाच्या तरी शेताचा माथा आहे, हे मला नेहमी ठाऊक असतं, आणि तरी ते उतरताना बघून मन भरून येतं.

तर, 'खरा नाही.' मला त्या म्हणण्यामागची काळजी समजते. पाळीव आणि रानटी पक्ष्यांची सरमिसळ हा भाबडेपणाने बघायचा विषय नाही. २००५मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने सहा हजारांहून अधिक जंगली पक्षी मेले, आणि त्यांत पट्टकादंबांची संख्या फार मोठी होती. पाळीव कोंबड्या-बदकांत फोफावलेला तो विषाणू रानातल्या पक्ष्यांपर्यंत पोचला होता. युरोपात संग्रहातून निसटलेले पट्टकादंब तिथल्या कलहंसांशी जोड्या करतात, तिथले अभ्यासक त्यांची नोंद ठेवतात ती याच सावधगिरीतून. पण सावधगिरी म्हणजे नोंद ठेवणं. सोडून देणं नव्हे. मला खटकलं ते हे की हा कलहंस असता तर दुपारपर्यंत फोन गेले असते, संध्याकाळी पुण्या-नाशिकच्या गाड्या काठाला लागल्या असत्या. संकर म्हटल्यावर आमच्या मोबाईलवरच्या गटात त्याच्या फोटोखाली एक अंगठा आला आणि बोलणं पुढे गेलं. यादीत भर पडत नाही, म्हणून कुतूहलही नाही. पक्षी बघणाऱ्यांचं मन असं आटू नये असं मला फार वाटतं. ज्याला नाव सहज चिकटत नाही त्याच्यापाशीच तर थांबायला हवं. तो ओळखायला मला दोन जाती शिकाव्या लागल्या, आणि त्याशिवाय हंस कसे वाढतात, कुणाकडून शिकतात, कुठून येतात, हे सगळं वाचावं लागलं.

आणखी एक गोष्ट तिथे दिसली ती सांगायची राहिली. सकाळभर त्याच्या उजव्या हाताला एक पट्टकादंब होती, मागचा पट्टा मधे तुटलेली, म्हणून ओळखू येत होती. मी तिला मादी म्हणते ते अंगाने लहान होती म्हणून. तो चालला की ती चालायची. दुसरा कुणी मधे आला की तो मान खाली ताणून त्याला हटवायचा. थवा उठला आणि पाण्यावर फेरी मारून दुसऱ्या जिभेवर उतरला, तेव्हा शेकडो पक्ष्यांच्या गर्दीत ती पुन्हा त्याच्या उजव्या हाताला होती. हंस जोडीदार लवकर बदलत नाहीत. मार्चमध्ये हे सगळे उत्तरेला निघतील तेव्हा ती दोघं एकाच रांगेत असतील, असं मी धरून चालले आहे.

आमच्या तक्त्यात प्रत्येक जातीसाठी एक ओळ होती, आणि खाली 'ओळख न पटलेले हंस' अशी एक. पट्टकादंबांच्या ओळीत त्याला घालणं बरोबर नव्हतं. कलहंसाच्या ओळीत घालणं त्याहून चूक. ओळख न पटलेल्यांत तो बसत नव्हता, कारण ओळख पटली होती. आशियाई पाणपक्षी गणना आपल्याकडे १९८७पासून दर जानेवारीत होते आहे. इतक्या वर्षांच्या कागदांत असे किती पक्षी ओळींच्या मधून निसटले असतील या विचाराने मला त्या रात्री झोप नीट लागली नाही. शेवटी मी शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: कलहंस व पट्टकादंब यांचा संकर, एक, उड्डाण सशक्त, जोडीदार पट्टकादंब. नख, पाय, मान, चोच यांचं वर्णन. सोबत चोचीचं पेन्सिलीने चित्र. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर या संकरासाठी वेगळी नोंद करता येते, तिथेही ती फोटोंसह केली.

येत्या हिवाळ्यात तुम्ही जायकवाडीला, उजनीला, नांदूर मध्यमेश्वरला किंवा हतनूरला गेलात आणि पट्टकादंबांच्या थव्यात असा एखादा दिसला, तर कृपा करून त्याला सोडून पुढे जाऊ नका. चोचीच्या नखाचा फोटो घ्या. पायांचा रंग उन्हात बघा, सावलीत फसायला होतं. तो उडाला तर पोटाचा बांधा आणि पंखांची लय बघा. पिल्लं सोबत आहेत का ते बघा. आणि त्याच्या शेजारी कोण होतं तेही लिहा, मागचा पट्टा तुटलेली असेल तर नक्कीच.